राहिलेला गाल

काल एका सत्कारात माझ्या खांद्यावर शाल पडली. तिला डांबरगोळीचा वास होता आणि मला आमच्या कोल्हापूरच्या चर्चमधला तो नाताळ आठवला.

पप्पा शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरायचे. हातमोजे मागितले म्हणून मालकानं त्यांना कामगारांसमोर थोबाडीत मारली होती. चर्चच्या छपराला पत्रे दिले म्हणून तोच मालक आठवड्याभरात आमचा प्रमुख पाहुणा झाला. पाळकांनी दुसरा गाल पुढं करण्याच्या वचनावर अर्धा तास गोड प्रवचन दिलं आणि मालकाला शाल घालायला नेमकं पप्पांनाच बोलावलं.

पप्पा शाल हातात तशीच धरून त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मान वळवली. "मालक, ह्यो गाल ऱ्हायलाय की. मारा. देवाच्या घरात, सगळी बघत्यात तवर मारा."

मालकाचा हात खुर्चीवरून हलला नाही. पाळकांनी घाईनं गीत सुरू केलं.

त्या वचनाचा इतका सरळ अर्थ मला नंतर कुठल्याही प्रवचनात सापडला नाही. पण तेव्हा मला लाज वाटली ती पप्पांची. आज त्या पाळकांइतकाच स्वतःचाही संताप येतो, कारण ते गीत सगळ्यांत मोठ्यानं मी गायलं होतं.