दसऱ्याच्या अक्षता आणि दुसरं कार्ड

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात कॉम्प्युटर उघडणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला मी एक, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. सीताबर्डीवरच्या एका घाऊक कापड दुकानात सर्व्हर बसवायचं काम मला मिळालं. एकावरच सगळा भार नको म्हणून नेटवर्क कार्डं दोन, खालच्या मजल्यावरची मशीनं जोडायला एक, वरच्या मजल्यावरची जोडायला दुसरं. वायर ओढायला उमरेडचा एक माणूस होता. घरचा माग बंद पडल्यावर वायरिंगला लागलेला, पण हात विणकराचाच, सफाईदार.

मध्येच दसरा आला. शेठ म्हणाले, नव्या यंत्राची पूजा झाली पाहिजे. दोन्ही कार्डं पाटावर मांडून मीच हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी कार्डं बसवली, फ्लॉपीवरून ड्रायव्हर चढवले. मशीनला दोन्ही कार्डं दिसली. दुसऱ्या कार्डात वायरचं टोक जरा घट्ट गेलं, मी जोर लावून फिरवलं. खालचा मजला चालू झाला, वरचा मात्र हूं की चूं करीना. मी शेठना ठणकावून सांगितलं, कार्ड ठीक आहे, दोष वायरमध्ये आहे.

त्या माणसाने तीन दिवस सगळे जोड पुन्हा केले. एकदा भीतभीत म्हणाला, "साहेब, एक डाव कार्डाचं तोंड पाहू का?"

"तू तुझी वायर पाह्य गा," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी शेठने त्याला काढलं. बाजारात बोभाटा झाला आणि त्याची पुढची दोन कामंही गेली. तो गेल्यावर मी टोक उपसून पाहिलं. कार्डाच्या भोकात तांदळाची कणी बसली होती, कुंकवाने लाल. टोकाची पिन वाकलेली. सुईने कणी काढली, टोक बदललं, वरचा मजला सुरू झाला. शेठने पाठ थोपटली. सेटिंग बदललं, एवढंच मी बोललो. लाज वाटली.

काही महिन्यांनी तो बर्डीवर भेटला. वायरिंग सोडून हमाली करत होता. हातातलं ओझं खाली ठेवून म्हणाला, "साहेब, माह्या हातानं ते काम बिघडलं. माह्यापायी तुमाले तरास झाला. माफ करजा."

"जाऊ दे गा, होते असं," मी म्हणालो, आणि त्याला माफ केलं.