कुत्र्याआड न लपलेला पाय

डॉर्कस थ्वेट आमच्या घरी चित्र काढायला आली तेव्हा तिच्या टोपीत चीजचा तुकडा टोचलेला होता. आमच्या बॅजर कुत्र्यानं तिच्याकडे टक लावून बघावं म्हणून. हॅलिफॅक्समधल्या बहुतेक गिरणीवाल्यांच्या दिवाणखान्यात तिनं काढलेलं एखादं मूल आणि त्याचं कुत्रं टांगलेलं असे. मी नऊ वर्षांची होते, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या बांधून चालायचे.

"कुत्रा तिच्या पायावर बसवा," बाबांनी सांगितलं. "बाकी तुम्हाला कळतंच."

तिला कळत होतं. वीस वर्षं ती तेच करत आली होती. वाकड्या हातावर मांजर, देवीचे वण असलेल्या गालाशी ससा.

पण बॅजर रोज माझ्या उजवीकडे बसायचा.

"इकडे का नाही गं येत?" तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

"लोखंड गार लागतं त्याला."

तिनं ब्रश पुसला. बराच वेळ पुसत राहिली. "पुष्कळ मांजरं चुकीच्या जागी बसवली मी," ती म्हणाली.

चित्र पुरं झालं. बाबा लाल झाले. "पाय झाका म्हटलं होतं!"

"झाकलाय की. मोज्यानं."

"बाई, या गावात तुम्हाला पुन्हा काम मिळणार नाही."

"मग खाटकाचं मांजर काढीन. त्याला कसली लाज नसते."

पैसे न घेता ती चित्र काखेत मारून निघाली. चीजमागोमाग बॅजर फाटकापर्यंत गेला.

बाबांनी शब्द खरा केला. तिनंही केला. खाटकाचं मांजर तिनं खरंच काढलं, आणि आमचं चित्र आपल्या खिडकीत लावलं, चर्चच्या रस्त्यावर. बाबा घोडागाडी लांबच्या रस्त्यानं नेऊ लागले.

ईस्टरच्या दिवशी मी गाडीत चढलेच नाही.

"विनी, बस."

"मी चालत येणार."

खडखडत मी त्याच रस्त्यानं निघाले. बाबांना मागे यावं लागलं. खिडकीसमोर चर्चला निघालेली माणसं थबकली होती. मी झग्याचा काठ वर धरला आणि चित्राशी ताडून पाहिलं.

थ्वेटबाईंनी दार उघडलं. "पाय जमलाय का?"

"पट्ट्या तीन आहेत. तुम्ही दोनच काढल्यात."

"अगं बाई! ये आत, तिसरी काढते."

"रविवारी काम? तेही ईस्टरला?" बाबा ओरडले.

"आजच," मी म्हणाले आणि उंबरा ओलांडला. डावा पाय आधी टाकून.