बिनआवाजाचं काम

बाजारपेठेत कुलुपं दुरुस्त करणारे चौघेपाचजण होते. पण नुसतं ‘मिस्त्री’ म्हटलं की लोकांना एकच माणूस आठवे. जिन्याखालच्या कोनाड्यात त्याचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं तर मिस्त्रीला बाहेर यावं लागे. किल्ली हरवून दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाला तो आधी धीर देई. मग कुलपाच्या भोकात तेलाचे थेंब सोडी, ते मुरेपर्यंत स्वस्थ उभा राही, आणि बारीक तारेनं आतल्या खिट्ट्या अशा उचली की दार उघडल्याचं घरातल्या मांजरालाही कळू नये. चौकटीवर ओरखडा उमटलाच तर मजुरी घेत नसे.

“दार फोडायला काय, रेडाही फोडील,” तो म्हणे. “उघडायला माणूस लागतो.”

नवं सरकार आलं तेव्हा या कसबाला वेगळंच गिऱ्हाईक लाभलं. एकच पक्ष, एकच झेंडा आणि भिंतीभिंतीवर एकच चेहरा, असे ते दिवस होते. सुरक्षा खात्याचा साहेब पहिल्यांदा दुकानाशी येऊन उभा राहिला, तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून घाईघाईनं बाहेर आला. साहेब मात्र गोड बोलला.

“आमची माणसं दारं फोडतात, मिस्त्री. शेजारीपाजारी जमतात, नसता बोभाटा होतो. तुम्ही जरा नीट उघडून देत चला.”

नाही म्हणायची सोय नव्हती. समोरचा घड्याळजी कशाला तरी नाही म्हणाला होता, आणि त्याच्या दुकानाला तेव्हापासून खात्याचं टाळं होतं. मिस्त्री गेला. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, “त्यांनी दार फोडलंच असतं. घरच्यांना वर सुताराचा खर्च. निदान तेवढा तरी वाचला.”

“आणि माणूस?” बायकोनं विचारलं.

मिस्त्री हात धुवायला उठला. बुडत्याला काडीचा आधार पुरतो म्हणतात. मिस्त्रीला ओरखडा नसलेल्या दाराचा पुरला. अशी बरीच दारं त्यानं उघडली. पुढे पुढे तर साहेबाच्या गाडीत बसताना तो आपली हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन समोर पाहत राही, जणू काही नेहमीच्याच कामावर निघाला आहे.

त्याच सुमारास गणिताच्या बाई दुकानात आल्या. शाळेत मुलांकडून नेत्याच्या नावानं शपथ म्हणून घ्यायला त्यांनी नकार दिला होता, म्हणून नोकरी गेली होती. त्या घरी शिकवण्या घेत, आणि शिकवण्यांआड पत्रकं लिहीत, हे कळणाऱ्यांना कळत होतं. त्या एकट्या राहत.

“मिस्त्री, मला एक भक्कम कुलूप हवंय. पैसे सावकाश देईन, हे आधीच सांगते.”

“पैशांचं सोडा. तुम्ही माझ्या पोरीला भागाकार शिकवला. मला स्वतःला अजून येत नाही.”

“तरी हिशेबात कधी चुकत नाही तुम्ही.”

“चुकतो की. पण माझ्या बाजूनं.”

बाई मोकळेपणानं हसल्या. मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं कुलूप तयार केलं आणि दारात बसवून दिलं. ते बसवताना आतली जुनी कडी आडवी येऊ लागली. तिच्यामुळे कुलपाची जीभ चौकटीत नीट बसेना. मिस्त्रीनं कडी उपसून काढली, भोकं लांबी भरून बुजवली आणि वरून रंगाचा हात मारला.

“कडी नको?” बाईंनी विचारलं. “आतून कडी असली की बरं वाटतं.”

“बाई, हे कुलूप माझ्याशिवाय कुणाच्या बापाला उघडायचं नाही. कडी कशाला हवी?”

बाईंनी मान डोलावली. साहेबाच्या गाडीत मिस्त्री बसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मिस्त्रीला ठाऊक होतं. पण बाईंचं दार आणि साहेबाची गाडी या दोन गोष्टी त्यानं मनात शेजारी शेजारी ठेवल्याच नव्हत्या. आपल्या कारागिरीचा तोरा मिरवताना माणसाला आगापिछा सुचत नाही.

मग एका दुपारी गाडी बाईंच्या गल्लीत वळली. मिस्त्रीनं मांडीवरची पेटी घट्ट धरली. बाई घरी नसतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जिना चढताना खोकावं, असंही मनात आलं; पण साहेब पाठीशी होता. दारापुढे त्यानं पेटी उघडली. त्याला मुद्दाम चुकता आलं असतं. तार वाकडी गेली असती, खिट्टी अडकली असती. जगातल्या कुठल्याही मिस्त्रीकडून होणारी चूक होती ती. पण हातांना चुकायची सवय नव्हती. त्यांनी तेल सोडलं, ते मुरू दिलं आणि दार उघडलं.

बाई स्वयंपाकघरात टेबलाशी लिहीत बसल्या होत्या. पाठीमागे हाताच्या अंतरावर मागच्या जिन्याचं दार सताड उघडं होतं. नुसती धडक ऐकू आली असती, तरी त्या खालच्या अंगणात पोचल्या असत्या. त्यांनी मान वर केली. आधी साहेबाकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

“मिस्त्री, तुम्ही?” त्या म्हणाल्या. “दार कधी उघडलं, कळलंच नाही.”

आयुष्यभर गिऱ्हाइकांनी हेच वाक्य कौतुकानं म्हटलं होतं. बाईंना नेल्यावर साहेब म्हणाला, “बंद करून टाका.” मिस्त्रीनं दार ओढलं, कुलूप लावलं, आणि सवयीनं एकदा हलवूनही पाहिलं.

बाई परत आल्या नाहीत.

पुढे साहेबानं त्याला छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका जुळाऱ्याच्या दारी नेलं, तेव्हा मिस्त्रीनं जिन्याच्या वरच्या पायरीवरून हत्यारांची पेटी खाली सोडून दिली. कानस, हातोडी, पाने सगळं पायऱ्यांवरून खणखणत गेलं. सगळी इमारत जागी झाली, आणि जुळारी छपरावरून पसार झाला. मिस्त्रीला तुरुंगात टाकलं. तिथं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. सरकार पडल्यावर तो सुटला, तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मुलं त्याला ‘पेटीवाले आजोबा’ म्हणू लागली. जिन्याची ती गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी झाली. त्याआधीच्या दारांबद्दल कुणी विचारलं नाही. विचारू शकणाऱ्यांपैकी बरेचजण स्वतःही कशाकशाला हो म्हणून बसले होते.

दरम्यान बाईंची धाकटी बहीण त्या घरात राहायला आली होती. मिस्त्री दरवर्षी जाऊन तिच्या कुलपाला फुकट तेल घाली. ती चहा ठेवी, तो अर्धा पिऊन उठे. दर खेपेला शब्द ओठांपर्यंत येत आणि चहाबरोबर परत जात.

बाईंच्या नावानं सभा भरवायची ठरली, तेव्हा ती दुकानात आमंत्रण द्यायला आली.

“मिस्त्री, पहिल्या रांगेत बसायचं हं. लोकांना तुम्हाला बघायचंय.”

“मला काय बघायचं? वाकडी बोटं?”

“असं नका बोलू. तुमच्यासारखा एखादा आमच्या ताईच्या दारात असता तर!” ती स्टुलावर टेकली. “पण ताई तरी काय, वेंधळी ती वेंधळीच. गावाला सावध करत हिंडली आणि स्वतःच्या दाराची कडीसुद्धा काढून टाकली. सभेत मी हे सांगणार आहे. माझी ताई असली तरी सांगणार. गाफील राहिली म्हणून गेली.”

मिस्त्रीच्या हातातली कानस थांबली. आजवर त्याचं मौन फक्त त्यालाच जाळत होतं. आता त्या मौनाचा दोष बाईंच्या माथी जाणार होता, आणि तोही सख्ख्या बहिणीच्या तोंडून.

“ताई,” तो म्हणाला, “कडी बाईंनी नाही काढली. मी काढली. आणि दारही मीच उघडलं.”

सांगायला सुरुवात केल्यावर तो थांबला नाही. तेल, तार, मागचा उघडा जिना, सगळं सांगितलं.  शेवटी तिनं विचारलं, “ताई तेव्हा काय म्हणाली?”

मिस्त्रीनं तेही सांगितलं.

“पेटी का नाही टाकलीत तेव्हा?”

“सुचलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल. सुचलं होतं. भ्यालो. आणि हात आपले चालत राहिले.”

“मग त्या जुळाऱ्याच्या दारी?”

“बाईंनंतर हातांवरचा विश्वास उडाला. म्हणून आधीच पेटी सोडली.”

ती उठली. रडली नाही. “मला सांगून तुमचं ओझं उतरलं असेल. मी मात्र इतकी वर्षं भेटेल त्याच्यापाशी तिला वेंधळी म्हणत आले. ते आता कोण पुसणार? सभेत मी बोलणार नाही. तुम्ही बोला.”

“ताई, लोक...”

“लोकांना तुम्हाला बघायचंच आहे.”

मिस्त्री बोलला. बायको शेजारी बसली होती. तो उठताना तिनं फक्त त्याची घसरलेली बाही सारखी केली. बाई निष्काळजी नव्हत्या, एवढ्यावरून त्यानं सुरुवात केली आणि साहेबाच्या गाडीपर्यंत आला. मधेच सभेचे चिटणीस उठून म्हणाले, “मिस्त्री, आज कशाला हे? बसा, तुम्ही थकलात.” मागून कुणीतरी ओरडलं, “बोलू द्या!” आणि दुसऱ्यानं, “बास करा!” लोक चिडले होते, पण त्यानं केलं त्यापेक्षा सांगितलं म्हणून जास्त चिडले असावेत. बहीण मान खाली न घालता ऐकत होती. त्याचं बोलणं संपताच ती दारातून निघून गेली. त्यानं क्षमा मागितली नव्हती. तिनं दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या त्या टोकाचा कुलूपवाला पिशवीत नवं कुलूप घेऊन आला. मिस्त्रीच्या दुकानापुढे येऊन थबकला. त्याच्या चेहऱ्यावर संकोच होता.

“त्या बाईंच्या बहिणीचं घर कुठं हो? कुलूप बदलायला मला बोलावलंय. तुम्हाला विचारू नये, पण...”

मिस्त्रीनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि दुकानाबाहेर येऊन वाकड्या बोटांनीच गल्ली दाखवली.

“डावीकडे वळा. वरचा मजला,” तो म्हणाला. “जुनं कुलूप परत आणू नका. त्या म्हणतील तिथं टाका.”