डोळ्यांवरची काळी पट्टी

डॉक्टरबाईंनी संगणकावर माझ्या दिवंगत पत्नीचा फोटो उघडला. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी होती. खाली ओठांवरचे काळसर डाग. तेव्हा आम्ही सगळ्यांनीच त्यांना अशक्तपणा म्हटलं होतं.

"काका, हा फोटो वैद्यकीय मासिकात छापायला तुमची संमती हवी."

"एकाच बाईच्या आजारातून कोण काय शिकणार?"

"असे डाग घेऊन उद्या दुसऱ्या गावात कुणी आलं, तर तिथल्या डॉक्टरला ही आठवेल. मला आठवायला कुणी नव्हतं."

गेलेल्या माणसाची आठवण घरच्यांचीच, असं मी धरून चाललो होतो. आता ती परक्या गावात, परक्या माणसाच्या मनात जागी होणार होती. पट्टीखाली ती हसत होती.

"छापा," मी म्हटलं. "फक्त ते हसू कापू नका."

"कापता येणारच नाही, काका. डाग तिथेच आहेत."