गुलाबभाऊंची बुकलेटं

गुलाबभाऊ काल दुपारी गेले.

मी एकदा त्यांना खोटं वाचून दाखवलं होतं. ते त्यांनी पकडलं होतं.

ज्यांना भाऊ माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आलापल्लीच्या लाकूड डेपोत भाऊ नोकरीला होते. सागाचे लठ्ठे मोजायचे, हातोड्याने शिक्का मारायचा, वहीत आकडे लिहायचे. ठोक्याच्या आवाजावरून लठ्ठा आतून पोकळ आहे का, हे ते सांगत.

आणि हा माणूस जॅझच्या सीडी जमवायचा.

सुरुवात चुकीने झाली. डेपोच्या कामाने नागपूरला गेले असता एका दुकानात एका सीडीच्या कव्हरवर सरळ नळीसारखं वाद्य तोंडाला लावलेला माणूस दिसला. भाऊंना वाटलं, सनई आहे. घरी येऊन लावली तर सनई नव्हतीच.

"पयले समजलंच नाई काही. मंग चार दिवस तेच लावून राह्यलो," असं ते सांगायचे.

मी तेव्हा तिथल्या शाळेत नवीन होते, इंग्रजी शिकवायला. एक दिवस मधल्या सुट्टीत भाऊ आले. खिशातून सीडीच्या डबीतलं छोटं बुकलेट काढलं. अक्षर मुंगीएवढं.

"बाई, इंग्लिस शिकवता ना तुमी? यात काय लिवलं ते सांगता का जरा?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी. चहा, पोहे आणि एक बुकलेट. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आजही फारसं कळत नाही.

भाऊंना रीइश्यूच हवे असायचे. म्हणजे जुनाच अल्बम, कंपनीने नव्याने सीडीवर काढलेला. एकाच अल्बमच्या तीन-तीन सीडी त्यांच्याकडे होत्या.

मी एकदा विचारलं, "भाऊ, तेच गाणं परत कशाला?"

"तेच नाई ना बाई. त्यायनं तवा चार बार वाजवलं होतं. तीन फसले, म्हून ठेवून देल्ले. आता ते फसलेले बी देल्ले यात. आयका."

मोबाईलवर सगळं फुकट मिळतं, असं लोक म्हणायचे. भाऊ म्हणायचे, "मोबाईलात कोन वाजवून राह्यलं ते लिवून नाई राहत."

मग प्रशांत गेला.

भाऊंचा एकुलता एक. बावीस वर्षांचा. अहेरीच्या रस्त्यावर बाईकचा अपघात. जागीच.

रविवार बंद झाले. भाऊ डेपोत जायचे, घरी यायचे. प्लेअरवर टॉवेल टाकलेला असायचा. आम्ही सगळे ओळखीचे येऊन-जाऊन होतो. पावसाचं बोलायचो, धानाचं बोलायचो. प्रशांतचं नाव कोणी काढायचं नाही.

सहा-सात महिन्यांनी भाऊंचा फोन आला. "बाई, येता का? एक पार्सल आलं हाय."

गेले. वाचायला लागले. त्या अल्बममध्ये ड्रम वाजवणारा एक पोरगा होता. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की रेकॉर्डिंगनंतर काही महिन्यांत तो गाडीच्या अपघातात गेला. वय चोवीस.

ते वाक्य मी गाळलं. मग मी वाचल्यासारखं करून म्हटलं, "पुढे तो दुसऱ्या शहरात गेला. तिथेच वाजवत राहिला."

चहा झाला. मी घरी आले.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला बोलावून तेच बुकलेट माझ्यासमोर ठेवलं. तिसरं पान उघडलं आणि त्या पोराच्या नावावर बोट ठेवलं.

"नावापुढं दोन साल लिवले हायेत, बाई. मधात चोवीसच वर्स. इंग्लिस नाई येत, आकडे येतात मले. जिंदगीभर आकडेच लिवले."

मला कुठे बघावं कळेना. "भाऊ, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"मालूम हाय काऊन केलं तं. पन सगळेच असं करून राह्यले. माह्या पोट्ट्याचं नाव नाई घेत कोनी. जसा तो नव्हताच. तुमी तरी पुरं वाचा."

मी पूर्ण वाचलं. एकही शब्द न गाळता.

"त्याच्या बापाचं काही लिवलं हाय का?"

होतं. एकच ओळ. कधी बाजारात न आलेल्या टेप वडिलांनी घरात जपून ठेवल्या होत्या, त्यावरूनच ही सीडी निघाली.



कांताबाई, म्हणजे भाऊंच्या मिसेस, आमच्या वाचनाच्या वेळी कधीच बाहेर यायच्या नाहीत. त्या दिवशी ओल्या हाताने येऊन दारात बसल्या.

"बापाचं जे वाचलं ना बाई, ते अजून एक बार वाचा."

मी वाचलं. मग त्या म्हणाल्या, "प्रशांत फ्यूज काढून ठेवे. बापाचा बाजा बंद करासाठी."

भाऊ म्हणाले, "अन् मी लाईनमनले फोन लावो."

दोघं हसले. मग रडले. मी बुकलेट मिटून तशीच बसून राहिले. त्या दिवशी दुपारी जेवूनच निघाले, आणि जेवताना सगळं बोलणं प्रशांतचंच झालं.

त्यानंतर रविवार सुरू झाले ते थांबले नाहीत. माझी बदली ब्रह्मपुरीला झाल्यावर भाऊ पानांचे फोटो पाठवायचे, मी व्हॉइस मेसेज करायची. कधी परीक्षेच्या कामात राहून जायचं. त्यांनी कधी तगादा लावला नाही.

गेल्या आठवड्यात हार्टचा त्रास झाला. गडचिरोलीच्या दवाखान्यात चार दिवस होते. काल संपलं.

आज सकाळी मातीला गेले होते. कांताबाई शांत होत्या. निघताना त्यांनी माझा हात धरला.

"सात डब्या तशाच हायेत, बाई. वाचाच्या राहिल्या. तुमी येसान का?"

येईन म्हटलं. या रविवारपासून.

गुलाबभाऊ, निरोप घेते.