शेवळांची चव बघणारी

पोशीरमध्ये कुणाच्याही घरी शेवळं शिजली की चव बघायला गौराबाईलाच बोलावणं जाई. ज्येष्ठात माळावर हे कोंब वर येतात. भाजी अशी की बोटं चाटत राहावं, पण त्यात काकडाच्या आंबट फळांचा रस कमी पडला तर घसा खाजून खाजून जीव नकोसा होतो. रसाला काही माप नसतं. गौराबाई चिमूटभर भाजी जिभेवर ठेवी, डोळे मिटून थांबे आणि म्हणे, "वाढा." त्याचा तिला भारी तोरा होता, आणि का नसावा?

सदुसष्ट साली लेकाचं लग्न झालं आणि कळंबची विहीण, मोतीबाई, पहिल्यांदाच जेवायला आली. गौराबाईने नव्या सुनेला, जनाला, चुलीजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. कोंब स्वतः सोलले, सोडे म्हणजे सुकी कोलंबी घालून भाजी केली, चव बघितली. "वाढा!"

दुसऱ्याच घासाला मोतीबाईला ठसका लागला. तिने तांब्याभर पाणी घटाघटा संपवलं. जनाही डोळे पुसत उठली. गौराबाईने टोपातली भाजी पुन्हा खाल्ली. छे, काहीच नाही! पलीकडे नवरा, आबाजी, मुकाट जेवत होता. मायलेकी नाटक करतात की काय? पण चारचौघांत असला ठसका मुद्दाम कोण काढील?

विहीण गेल्यावर तिने कच्च्या कोंबाची चकती जिभेला लावली. चुणचुणलं? की नाही? तिला सांगता येईना.

"अवो, तुमाला खाजलं नाय ना?"

"खाजलं की. दोन-तीन वर्सं झाली, खाजतंच हाय."

"मंग बोललात का नाय?"

"तुझा तो रुबाब बघून बोलवत नसायचं गं."

गौराबाईने हातातली चकती खाली ठेवली. "आन गावातल्या बायका?"

"तू घरी आलीस की त्या मागनं रस घालतात."

"मंग मला बोलावतात कशाला?"

"तू यावीस म्हनून."

गौराबाईला रडू कोसळलं. लाज वाटली म्हणून रडतेय की बरं वाटलं म्हणून, हे तिचं तिलाच कळेना.