तांड्यासाठी एकच कॉलेज

“तांड्यावरच्या पोरीले दहा कॉलेजं कायले पाह्यजे बे? एक भरलं ना आम्ही. झालं.”

हे वाक्य कॉलेजच्या कार्यालयात, माझ्या मुलीसमोर उच्चारले गेले. उच्चारणारे सर तिथलेच शिक्षक, वयाने माझ्यापेक्षा लहान. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हटले नाही.

बाभूळगावच्या तहसीलसमोर माझे टेबल आहे. मी अर्जनवीस. शिक्षण आठवीपर्यंत, तथापि माझी भाषा वाचून साहेब लोक विचारतात, हे कोणी लिहिले? त्या दिवशीही मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून गेलो होतो. उपयोग झाला नाही.

प्रकरण असे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात विद्यार्थ्याला दहा कॉलेजांची पसंती देता येते. शहरातली मुले दहाही रकाने भरतात. यवतमाळ, अमरावती, नागपूर. आमच्या तांड्यावर मात्र दहावीचा निकाल लागला की हे सर मोटारसायकलवर येतात. तुकडी भरली नाही तर त्यांची नोकरी धोक्यात. म्हणून गोड बोलतात, गुणपत्रिकांचे फोटो काढतात, फॉर्म स्वतःच भरतात. मोबाईल नंबरही स्वतःचाच. पसंती एकच, त्यांचे कॉलेज. पहिली पसंती मिळाली की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. नाकारला तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. आणि आम्ही त्यांना चहा पाजतो. म्हणतो, सर स्वतः आले, केवढी माया!

त्यांच्या कॉलेजात विज्ञान शाखा नाही. माझ्या मुलीला विज्ञानच हवे होते. मुदत त्याच सायंकाळी संपत होती.

मी सवयीप्रमाणे हात जोडले. “सर, सविनय विनंती आहे, की फॉर्म उघडून द्यावा.”

सर लिपिकाकडे पाहून हसले. “पाहा, वकीलसाहेब आले! अबे, विनंती करून राह्यला त अर्ज लिहून आण. तिकीट लावून.” मग मुलीकडे वळले. “अन् तू काय डॉक्टरीन होशीन? आर्ट घे. लग्न त होईनच.”

मुलीने मान खाली घातली नाही. ती माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहत होती.

कृपावंत होऊन. मायबाप. आपला आज्ञाधारक. जे आमच्याच हक्काचे, त्यासाठी ही भाषा आम्हाला कोणी शिकवली?

मी हात सोडले. रिकामी खुर्ची ओढली. बसलो.

“बा, पाच वाजता बंद होते,” मुलगी म्हणाली.

“उघड फॉर्म.”

सरांनी फॉर्म भरताना टाकलेले लॉगिन तिने पाहून वहीत उतरवून ठेवले होते. आमच्या मोबाईलवर तिने ‘अनलॉक’ दाबले. टेबलावर सरांचा मोबाईल वाजला. ओटीपी. माझ्या मुलीच्या भवितव्याची किल्ली त्यांच्या मोबाईलात.

“ओटीपी सांगा.”

“काहून सांगू? ऊठ पयले खुर्चीवरून!”

“नाही उठत. उद्या टेबल तुमच्या गेटसमोर टाकीन. तांड्यावरच्या एकेका बापाले बोलावीन, अन् त्याच्या पोराच्या फॉर्मवर नंबर कोणाचा हाये थे दाखवीन. ओटीपी सांगा.”

सरांनी मोबाईल पालथा घातला. कोडची वेळ संपली. मुलीने पुन्हा दाबले. मोबाईल पुन्हा वाजला. पुन्हा. दारात पालक जमू लागले.

“सर, देऊन टाका ना,” लिपिक हळूच बोलला. “लोकं पाहून राह्यले.”

सरांनी भिंतीकडे पाहत आकडे सांगितले.

मुलीने त्यांच्याच टेबलावर कोपर टेकून दहाही रकाने भरले. सगळे विज्ञानाचे. काही कॉलेजांची नावे मी ऐकलीही नव्हती. तिला पाठ होती.

यादी अद्याप लागलेली नाही. टेबलाशी बसतो, उठतो. जेवणावर मन नाही. नाव लागेल, न लागेल.

परंतु पुढच्या वर्षी दहावीच्या निकालाच्या दिवशी माझे टेबल तहसीलसमोर नसेल. मोटारसायकल जिथून तांड्याकडे वळते, तिथे असेल. प्रत्येक फॉर्मवर घरचा नंबर. रकाने दहाच्या दहा. सर आले तर खुर्ची देईन. बसा म्हणेन.

हात जोडणार नाही.